मृगाआधी गच्ची, दिवाळीआधी इंजिन

गच्चीच्या दुरुस्तीला कोरडी हवा लागते आणि डर्ट ट्रॅकलाही, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतीलाही. त्यामुळे दिवाळी ते मे या महिन्यांवर घर आणि गाडी दोघंही हक्क सांगतात. तिशीत दोन्ही एका आठवड्यात उरकता येतं. साठीच्या आसपास अंग तेवढी उधारी देत नाही. माझ्या मते एकच वाटणी निभते: मार्च ते मृग घराला, पावसाळा इंजिनाला, थंडी शर्यतीला. इथे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आरएक्स 100 धरून लिहितो, कारण जुन्या रायडरांच्या पार्किंगमध्ये अजूनही बहुधा तीच उभी असते.

आधी गच्ची. छताला ओल दिसली की बरेच जण जुन्या कोब्यावर नवा कोबा घालून मोकळे होतात. चार इंचांचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा चौरस मीटरला 200 किलोच्या घरात जातो, आणि तो भार स्लॅब जन्मभर वाहतो. ओल बहुतेक वेळा येते ती भेगांतून, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेच्या वाटा, म्हणजे कोपऱ्यातल्या मसाल्याच्या गोल पट्ट्या, सुटल्यामुळे, नाहीतर पावसाच्या पाइपाचं तोंड भोवतीच्या कोब्यापेक्षा वर राहिल्यामुळे. म्हणून आधी पाइपाला बोळा लावा, गच्चीवर दोनेक इंच पाणी साठवा, 48 तास ठेवा आणि खाली छतावर ओल नेमकी कुठे उमटते ते खडूने आखून घ्या. मग भेग व्ही आकारात कापायची, ब्रशने धूळ काढायची, लेटेक्स घातलेला मसाला भरायचा, वाटा नव्याने गोल काढायच्या. मसाला वाळल्यावर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. शेवाळ न खरवडता किंवा ओलसर पृष्ठभागावर कोटिंग मारलं की पहिल्याच उन्हात फुगे येतात. मे महिन्यात भर दुपारी मारलं तर वरचा थर आधी सुकतो आणि बारीक छिद्रं राहतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर मारा.

यातलं कुठलं काम स्वतः करायचं, हे शर्यतीची तारीख बघून ठरवा. कोटिंगचा ब्रश जरूर हातात घ्या. कोबा फोडणं, 50 किलोची सिमेंटची गोणी जिन्यावरून नेणं आणि ग्राइंडर धरून तासन्‌तास भेगा कापणं मात्र मजुरी देऊन करून घ्यावं. ग्राइंडरच्या थरथरीने बोटांना मुंग्या येतात आणि पकड ढिली पडते. घट्ट मूठ धरून धरून कोपराखालचे स्नायू ताठतात. डर्ट ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला क्लच दाबताना निकामी होतो तो नेमका हाच भाग. विशीत दोन दिवसांत भरून निघणारा थकवा या वयात आठवडा खातो, म्हणून शर्यतीआधीचे दहा दिवस ड्रिल, हातोडा, ग्राइंडर पूर्ण बंद. गच्चीवर गुडघे टेकून काम असेल तर जाड फोमचा तुकडा खाली घ्या. गाडीच्या फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायला तेच गुडघे लागणार आहेत.

चष्म्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. शिडी उतरताना नजर खाली गेली की पायरी त्याच भागातून दिसते, म्हणजे धूसर, आणि पाऊल चुकतं. हेल्मेटमध्येही तसंच: पुढच्या चाकासमोरची चाकोरी काचेच्या खालच्या भागातून दिसते आणि तिच्या खोलीचा अंदाज चुकतो. शिडीसाठी आणि ट्रॅकसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, फ्रेमच्या काड्या सरळ आणि पातळ असाव्यात. पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या इंजिनातल्या संपर्काचा) गॅप 0.35 मिलिमीटरवर आणताना उलट जवळचा चष्मा आणि कपाळावर टॉर्च हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगूनच शर्यतीसाठीचं फिटनेस सर्टिफिकेट मागा. डोक्याला बसलेला साधा मारसुद्धा अशा वेळी गंभीर होऊ शकतो.

आता इंजिन. जून ते सप्टेंबर गाडी नुसती उभी राहिली की टू-स्ट्रोकचं खरं नुकसान आतून होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो. शेवटच्या फेरीनंतर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. प्लग काढून भोकातून 10 ते 15 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा, चार-पाच हलक्या किक मारा, प्लग परत बसवा आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला. पुढे दर रविवारी इग्निशन बंद ठेवून हाताने किक फिरवायची. ऑइल मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये साठवू नका. गाडीचा ऑइल पंप काढलेला असेल तर लागेल तेवढंच, लिटरला 40 मिली या हिशोबाने, ताजं करा.

पावसाळ्याचं मोठं काम म्हणजे क्रँकची ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी कडी. रबर वयाने कडक होतं, गाडी चालो वा न चालो. मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम पटकन खाली येत नाही आणि पुढच्या लांब सरळीवर पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत खेचलं जातं: धूर दाट होतो आणि ऑइलची पातळी उतरते, तरी बाहेर थेंब सांडलेला दिसत नाही. खात्री करायची तर कार्ब्युरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड रबरी बुचाने बंद करून 6 पीएसआय हवा भरा. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर दोन्ही सील बदला, एकच नाही. मॅग्नेट पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानेच, काढायचा. हातोड्याने ठोकला की क्रँक वाकतो आणि किरकोळ खर्चाचं काम हजारोंवर जातं. खोललंच आहे तर रिंग 50 मिलिमीटरच्या बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट मोजा. 0.15 ते 0.35 मिलिमीटर ठीक, त्यापुढे रिंगा बदला.

जेटिंगचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या भोकांच्या (जेटच्या) मापाचा, घोटाळा हमखास होतो. घरकाम संपल्यावर मे महिन्यात, 38-40 अंशांच्या विरळ हवेत, गाडी झकास लावली जाते आणि पहिली शर्यत पडते डिसेंबरच्या गार सकाळी. गार हवा दाट असते, तीच सेटिंग तेव्हा पातळ पडते. पहिल्या प्रॅक्टिसला मेन जेट एक नंबर मोठा टाका. नवा प्लग लावा, सरळीवर पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन किलस्विचने बंद करा, क्लच दाबून गाडी थांबवा आणि प्लग काढून बघा. चिनीमातीचा भाग कॉफीच्या रंगाचा हवा. पांढरट दिसला तर त्या हीटमध्ये (शर्यतीच्या प्राथमिक फेरीत) उतरू नका. आणखी एक नंबर वरचा जेट टाकून पुन्हा बघा.