स्वतःच्या साइटवर एसक्यूएल इंजेक्शन शोधताना : माझा अनुभव

एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे फॉर्ममध्ये किंवा पत्त्यात टाकलेला मजकूर डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा, म्हणजे क्वेरीचाच, भाग होऊन चालणं. ही फट शोधायचे उद्योग चालू साइटवर करायचे नाहीत. मी कोड आणि डेटाबेस लोकल मशिनवर उतरवतो, ग्राहकांचे फोन-ईमेल पुसतो, एसएमएस आणि पेमेंटच्या कीज काढतो आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा जनरल लॉग (आलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद) चालू करतो. फॉर्ममध्ये टाकलेलं डेटाबेसपर्यंत नेमकं कसं पोचलं, ते त्या लॉगमध्ये दिसतं.

त्यानंतर टूल नाही, आधी ग्रेप, म्हणजे फाइलींमधला मजकूर शोधणारी कमांड. जुन्या पीएचपी साइटमध्ये ‘सिलेक्ट’, ‘इन्सर्ट’, ‘अपडेट’च्या ओळी काढून व्हेरिएबल थेट कुठे चिकटवलाय ते पाहायचं. एस्केप फंक्शन (कोटसारखी चिन्हं निष्प्रभ करणारं) दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण आकड्याभोवती कोटच नसतील तर त्या एस्केपचा काही उपयोग नाही.

पडताळणी सोपी आहे. पत्त्यात आयडी ७ असेल तिथे ८-१ टाका. सातव्याच वस्तूचं पान उघडलं तर वजाबाकी बहुधा डेटाबेसने केली, म्हणजे फट सापडली. लॉगमध्ये खात्री करा. बेरीज नको, पत्त्यातल्या अधिक चिन्हाची स्पेस होते. मजकुराच्या रकान्यात एक सिंगल कोट टाकून पान मोडतं आणि दोन टाकले की नीट चालतं का, ते बघा.

पानावर काहीच फरक दिसत नसेल तर स्लीप, म्हणजे डेटाबेसला ठरावीक सेकंद थांबवणारं फंक्शन. एकदा ०, एकदा ३, एकदा ६ सेकंद देऊन वेळ त्याच प्रमाणात वाढतो का पाहायचं. कारण सर्व्हर एरवीही रेंगाळतोच. मात्र ‘ऑर’बरोबर (‘किंवा’च्या अटीबरोबर) स्लीप लावू नका. तो दर ओळीला चालू शकतो, आणि दहा हजार ओळींच्या टेबलवर क्वेरी तासन् तास लटकते.

माझ्या मते सगळ्यात जास्त फटी सॉर्टिंगमध्ये राहतात. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये, म्हणजे क्वेरीचा साचा आणि मूल्यं वेगळी पाठवायच्या पद्धतीत, प्लेसहोल्डर (राखीव जागा) फक्त मूल्यासाठी असतो, कॉलमच्या नावासाठी नाही. ‘ऑर्डर बाय’ला (क्वेरीतल्या क्रम लावणाऱ्या भागाला) प्लेसहोल्डर दिला तर कॉलमचं नाव नुसता मजकूर ठरतं, एरर येत नाही आणि क्रमही लागत नाही. वैतागून डेव्हलपर पुन्हा स्ट्रिंग चिकटवतो. उपाय एकच : चालणाऱ्या कॉलमची नावं कोडमध्येच अ‍ॅरेत ठेवायची, बाहेरून आलेलं त्यात नसेल तर डीफॉल्ट. ‘एएससी’, ‘डीईएससी’ या चढत्या-उतरत्या क्रमाच्या शब्दांनाही तेच.

दुसरी लपलेली जागा रिपोर्टची. नाव नोंदणीत सुरक्षित साठवलं जातं, पण महिन्याचा रिपोर्ट ते डेटाबेसमधून उचलून नव्या क्वेरीत चिकटवतो. वसई-गोव्याकडची डिसोझा, डिसिल्वा ही आडनावं इंग्रजीत बरेचदा ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी (म्हणजे तोच सिंगल कोट) देऊन लिहितात, असं खातं उघडून अ‍ॅडमिनचे सगळे रिपोर्ट, एक्स्पोर्ट आणि शोध चालवून बघा.

एसक्यूएलमॅप, हे इंजेक्शन आपोआप शोधणारं टूल, शेवटी. त्याची लेव्हल (किती ठिकाणी तपासायचं) मुळात १ असते. कुकी तपासायला २, यूजर-एजंट आणि रेफररसाठी ३ लागते. रिस्क (किती धोक्याचे प्रयोग करायचे) ३ लावली तर ‘ऑर’चे प्रयोग होतात आणि एखाद्या अपडेटमध्ये गेले तर अख्खं टेबल बदलतं. लॉगिन सेशन मधेच संपलं की टूल लॉगिनचंच पान तपासत बसतं आणि ‘काही नाही’ म्हणतं. फायरवॉल मधे असेल तरी तसाच खोटा दिलासा.

दुरुस्तीनंतर त्याच इनपुटनी पुन्हा तपासायचं. मग चालू साइटचा अ‍ॅक्सेस लॉग ‘युनियन’, ‘स्लीप’ आणि टक्का-२७ (पत्त्यात सिंगल कोट असा लिहिला जातो) साठी चाळायचा. पोस्टमधला, म्हणजे फॉर्ममधून पाठवलेला, मजकूर त्यात सहसा नसतो, म्हणून लॉग स्वच्छ दिसला तरी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलतो, अ‍ॅडमिनची सेशन्स बंद करतो आणि साइटच्या डेटाबेस यूजरची ‘फाइल’ (सर्व्हरवरच्या फाइली वाचायची-लिहायची) आणि ‘ड्रॉप’ (टेबल उडवायची) परवानगी काढतो.