मेहरगढ: दार नसलेल्या खोल्या

बलुचिस्तानात बोलन खिंड उतरून कच्छीच्या मैदानात आले की मेहरगढ या नवाश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या आरंभकाळातल्या, वस्तीचे पांढरीचे टेकाड लागते. ज्याँ-फ्रान्स्वा जारीज यांच्या फ्रेंच पथकाने 1974 मध्ये येथे उत्खनन सुरू केले. सर्वांत खालच्या थरांत मातीची भांडी नव्हती. घरे मात्र होती, हाताने घडवलेल्या कच्च्या विटांची, आणि कित्येक विटांवर बोटांचे ठसे अजून दिसतात.

मला या घरांपेक्षा तेथील कप्प्याकप्प्यांच्या इमारतींचे कुतूहल अधिक आहे. त्यांतील कित्येक कप्पे इतके अरुंद आहेत की त्यांत माणसाने राहणे शक्य नव्हते, आणि आत शिरायला दारही नाही; म्हणून त्यांना धान्याची कोठारे मानले जाते. धान्य कोणते, हे विटांनीच सांगितले, कारण चिखलात मिसळलेल्या काडीकचऱ्याचे आणि दाण्यांचे ठसे त्यांत उमटून राहिले आहेत. त्यांत जव भरपूर आहे, गहू त्या मानाने थोडा. माणूस एका जागी का थांबला, याचे उत्तर मला तरी या कोठारांतच दिसते: वर्षभराचे धान्य पाठीवर घेऊन फिरता येत नाही आणि ते मागे सोडूनही जाता येत नाही.

तरीही हा बदल एका पिढीत घडलेला नाही. आरंभीच्या थरांत चिंकाऱ्यासारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडे बरीच आहेत; वरच्या थरांकडे येताना ती घटत जातात आणि शेळ्या, मेंढ्या व विशेषतः वशिंडाची गुरे वाढत जातात. म्हणजे शेती करणारा माणूस दीर्घकाळ शिकारीही होता, आणि शाळेत शिकवली जाणारी ‘नवाश्मयुगीन क्रांती’ ही संज्ञा मला येथे फारच घाईची वाटते.

हे लोक गावात स्थिरावले, पण गावापुरते उरले नाहीत. काही मृतांच्या पायांशी शेळीची करडे पुरलेली आढळली, तर थडग्यांतील दागिन्यांत समुद्रातले शंख-शिंपले, पिरोजा आणि लाजवर्द हा निळा खडा आहेत. दागिन्यांतल्या या जिनसांपैकी काहीच कच्छीच्या मैदानात मिळत नाही. काही मृतांच्या दाढांना जिवंतपणीच गारेच्या गिरमिटाने भोके पाडलेली आहेत. मणी भोकणाऱ्यांचेच कसब येथे वापरले गेले असावे, असा तर्क आहे.

या वस्तीचा आरंभ इ.स.पू. 7000 च्या सुमारास झाला, असे आजवर सर्वत्र छापले गेले. दातांच्या एनॅमलवरून केलेल्या आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन कालमापनाने मात्र तेथील आद्य दफनभूमी इ.स.पू. 5200 च्या आसपास आणून ठेवली आहे. हे मान्य झाले, तर उपखंडातील शेतीच्या उगमाची मांडणी बरीच बदलावी लागेल, आणि पश्चिमेकडून आलेल्या शेतकऱ्यांचा वाटा किती, हा जुना वाद नव्याने पेटेल.