या वर्षापुरतं ‘हो’

कॅलिफोर्नियाचा ५४०-एनआर, म्हणजे राज्याबाहेर राहणाऱ्यांचा कराचा फॉर्म, भरायला बसले. त्याच्या जोडपत्रात नेहमीचा प्रश्न: या वर्षात कॅलिफोर्नियात तुमच्या मालकीचं घर किंवा मालमत्ता होती का? आजवर न वाचताच ‘वाय’ (येस) लिहीत आले. आज हात अडला. फ्रीमाँटचं भाड्याने दिलेलं घर विकलं, पुढच्या वर्षी हा फॉर्मच भरायचा नाहीये.

वाईट नेमकं कशाचं वाटतंय? त्या घराने कमी का छळलं? गीझर गळतोय, कुंपण पडलंय, भाडेकरूंचे अपरात्री फोन. सुटले एकदाची, असं वाटायला हवं. वाटत नाही.

त्यात हा हिशेब. विकतानाच एस्क्रोने (व्यवहाराचे पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाने) किमतीच्या ३ १/३ टक्के कापून कॅलिफोर्नियाकडे भरले, ते फॉर्म ५९३ वरून आता वळते करायचे. कर तिथल्याच उत्पन्नावर, पण दर ठरणार माझा न्यू जर्सीतला पगार धरून. २७.५ वर्षांच्या हिशेबाने घेतलेला घसारा फेडरल रिटर्नमध्ये परत नफ्यात येतो, त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर. शिवाय न्यू जर्सीलाही तोच नफा दाखवायचा आणि कॅलिफोर्नियात भरलेल्या कराचं क्रेडिट मागायचं. तेही इथे त्या नफ्यावर जेवढा कर बसेल तेवढंच. कॅलिफोर्नियाने वर घेतलेलं गेलं ते गेलं. सगळं माझ्याच एकटीच्या गळ्यात का, म्हणून मघाशी रडूच आलं. दादाशी बोलले असते, पण जाऊ दे.

मग खर्चात धरायला जुन्या पावत्यांच्या पाकिटातून ओट्याची पावती शोधली. छापील अक्षरं पार उडून गेलीत, रक्कमही दिसत नाही. मागे मात्र बाबांचं बॉलपेनने लिहिलेलं जसंच्या तसं: ‘ओटा बसला. सांध्यात पाणी मुरत नाही, दोनदा पाहिलं.’ सहा महिन्यांसाठी आले होते, आणि अर्धा वेळ त्या घराच्या डागडुजीत घालवला.

रक्कम जुन्या कार्ड स्टेटमेंटवर सापडली. ती मूळ किमतीत मिळवली, तेवढाच नफा कमी झाला. बरं वाटलं, फक्त पैशांमुळे नाही. ‘सीपीएला (कराचं काम करणाऱ्या अकाउंटंटला) देऊन टाक’ असं हे कधीचे म्हणताहेत. त्याच्याकडे गेलं असतं, तर हे पाकीट मी उघडलं असतं का?

‘वाय’ लिहिला. घर होतं. वर्षातले काही महिनेच, पण होतं.

उद्या न्यू जर्सीचा. कॅलिफोर्नियाचा आकडा पक्का झाल्याशिवाय त्या क्रेडिटचं जोडपत्र, एनजे-सीओजे, भरता येत नाही, म्हणून आज जागून हा संपवते.