रॅपनंतर नाट्यपद लावायचं असेल तर

पुण्यातल्या माणसाचा कान चौफेर असला तर नवल नाही. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० ला इथल्याच बुधवार पेठेत झाला. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून इथे भरतो आणि रॅपर एमसी स्टॅन ताडीवाला रोडचा. त्यामुळे एकाच फोनमध्ये नाट्यपद, भावगीत, लावणी, हिंदी सिनेमाची गाणी आणि ट्रॅप (खोल घुमाराच्या ठेक्यावरचं हल्लीचं रॅप) सुखाने नांदू शकतात. नांदत नाहीत ती शफल लावल्यावर, म्हणजे ॲपने क्रम पिसून गाणी वाजवल्यावर. एक गाणं कानात ओरडतं, पुढच्याला आवाज वाढवावा लागतो, तिसऱ्याला पुन्हा दचकायला होतं. मग लोक म्हणतात, ‘एकावेळी एकच प्रकार ऐकावा बुवा.’ तसं काही नाही. यादी नीट लावली की रॅपनंतर नाट्यपदसुद्धा बसतं.

सुरुवात आवाजाच्या पातळीपासून. हल्लीचं रॅप उणे ७ ते उणे ९ एलयूएफएसच्या आसपास मास्टर केलेलं असतं. एलयूएफएस हे गाणं कानाला सरासरी किती मोठं लागतं त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं. जुन्या तबकडीवरून उतरवलेलं भावगीत किंवा बैठकीचं ध्वनिमुद्रण सहज उणे १८ किंवा त्याहूनही खाली असतं. म्हणजे फरक दहाएक डेसिबलचा, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं. त्यासाठी ॲपमध्ये आवाज सारखा करण्याची सोय असते, पण बहुतेक जण ती चुकीच्या पातळीवर ठेवतात. स्पॉटिफायमध्ये तीन पातळ्या आहेत : लाउड म्हणजे उणे ११, नॉर्मल म्हणजे उणे १४ आणि क्वाएट म्हणजे उणे १९. मिश्र यादीला क्वाएटच हवी. कारण असं, की मोठं गाणं हवं तितकं खाली आणता येतं, पण हळू गाणं वर उचलताना त्यातली सर्वांत उंच टोकं आड येतात. तबल्याची एखादी सणसणीत थाप आधीच कमाल मर्यादेला टेकलेली असेल, तर नॉर्मलवर ते गाणं पुरेसं उचललंच जात नाही. क्वाएटवर उचलायची वेळच फारशी येत नाही, बाकीची गाणी खाली येऊन त्याच्या रांगेत बसतात. एकंदर आवाज कमी वाटला तर फोनचा वाढवा, त्याने गाण्यागाण्यांतला तोल बिघडत नाही. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, पण हळू असलेलं वर उचलत नाही. म्हणून तिथे जुन्या गाण्यांची यादी नेहमी दबलेली वाटते.

स्वतःच्या एमपी३ फाइल असतील तर फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये सगळी गाणी निवडून रिप्लेगेन, म्हणजे प्रत्येक गाण्याचा आवाज किती वरखाली करायचा तो आकडा, एकदा मोजून घ्या. मिश्र यादीसाठी ट्रॅक गेन निवडायचा. अल्बम गेन फक्त पूर्ण अल्बम सलग ऐकताना. रिप्लेगेन न कळणारी यंत्रं, विशेषतः गाडीतली, असतील तर एमपी३गेन चालवा. ते फाइल पुन्हा कॉम्प्रेस न करता दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी आवाज बदलतं. ८९ डेसिबल हे त्यातलं मूळ लक्ष्य तसंच राहू द्यावं. ९५-९६ करण्याचा मोह होतो, पण मग पुन्हा टोकं फाटतात.

आता खर्ज. ट्रॅपमधला ८०८ चा घुमार ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. हे नाव रोलंडच्या १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशिनवरून पडलं. फोनच्या स्पीकरला इतकं खाली जाताच येत नाही, इअरफोनला येतं. म्हणून रॅप ऐकणारे बास बूस्ट लावतात आणि तो तसाच राहतो. पुढचं गाणं १९५० च्या दशकातलं निघालं की त्याच पट्ट्यात काय असतं? टर्नटेबलची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गूं. गाण्यातलं तिथे जवळजवळ काहीच नसतं. सहा डेसिबलच्या बूस्टने तीच घरघर फुगते आणि ‘जुनं रेकॉर्डिंग खराब आहे’ असा शेरा बसतो. मिश्र यादीला इक्वलायझर सपाट ठेवावा. खालचं कापायचंच असेल तर सिनेमाच्या जुन्या गाण्यांना ८० च्या खाली कापलं तरी चालतं, बैठकीच्या ध्वनिमुद्रणाला चालत नाही. पेटीच्या काळी एक पट्टीचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ वर. ऐंशीला कात्री लावली तर तिचा मूळ स्वरच जातो. तिथे ५० च्या वर जाऊ नये. वरच्या बाजूला ट्रेबल वाढवून ‘स्वच्छ’ करण्याच्या भानगडीतही पडू नका. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीत पाचएक हजार हर्ट्झच्या वर फारसं गाणं नसतंच, वाढते ती फक्त खरखर.

आवाज जुळला की लय बघायची, आणि खरी गंमत तिथेच आहे. जुन्या धाटणीचं रॅप मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांचं. एका बारमध्ये चार ठोके, आणि कडवं बहुधा सोळा बारचं. म्हणजे चार बारमध्ये सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन, सोळा बारमध्ये चार. नव्वदच्या लयीत हे चौसष्ट ठोके ४३ सेकंदांत संपतात, सिनेगीताचा अंतराही साधारण तेवढाच असतो. त्यामुळे आठ मात्रांच्या केरव्यातलं गाणं रॅपला मोजणीने सहज जुळतं. अडतं ते वजनावर. रॅपमध्ये स्नेअर ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आपटतो. केरव्यात ‘धा गे ना ती’ म्हणताना वजन पहिल्या ‘धा’वर असतं. पाच-सहा रॅप ऐकून लगेच केरवा आला की कानाला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, क्षणभर सरकल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे : मध्ये असं गाणं ठेवा, ज्याची सुरुवात आलापाने किंवा नुसत्या हार्मोनियमने होते. ठेका सुरू होईपर्यंत कान कोरा होतो.

ट्रॅपची लय ॲप १४० दाखवतं, मान मात्र ७० ने हलते. उलट काही गाण्यांना ॲप निम्मी लय दाखवतं. म्हणून आकड्यावर विसंबू नका. पंधरा सेकंद टाळी वाजवून मोजा आणि चारने गुणा. विलंबित ख्यालाला यातलं काहीच लागू नाही, तिथे ॲप देईल तो आकडा निव्वळ थाप.

माझ्या मते सगळ्यात सुंदर सांधा ट्रॅप आणि कोळीगीताचा. कोळीगीताचा ठेका सहाच्या अंगाचा, म्हणजे दादऱ्याच्या कुळातला : ‘धा धी ना, धा ती ना’. ट्रॅपमध्ये रॅपर पुष्कळदा एका ठोक्यात तीन अक्षरं बसवतो, त्याला ट्रिप्लेट फ्लो म्हणतात. चार ठोक्यांत बारा अक्षरं, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. असं रॅप संपवून कोळीगीत लावा, पाय अडखळत नाही. हीच जागा सात मात्रांच्या रूपकाला देऊन बघा, लगेच ठेच लागते. रूपकाआधी दोन-तीन सेकंदांची शांतता हवीच.

सुराकडे शफलवाले लक्षच देत नाहीत. लागोपाठ दोन गाण्यांचे षड्ज अर्ध्या स्वराने वेगळे असले, समजा पहिलं काळी एकमध्ये आणि दुसरं पांढरी दोनमध्ये, तर दुसऱ्याची सुरुवात बेसुरी वाटते, गायक कितीही सुरेल असो. एकच षड्ज, किंवा पहिल्याचा मध्यम-पंचम हा दुसऱ्याचा षड्ज, अशी जोडी गोड लागते. तानपुऱ्याच्या ॲपवर पट्टी बदलत गेलं की प्रत्येक गाण्याचा षड्ज मिनिटाभरात सापडतो. इथे रॅप फार उपयोगी पडतं. बोलका, ठेक्यावरचा रॅप स्वराला घट्ट धरून नसतो, म्हणून न जुळणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तो बिनबोभाट चालून जातो. ऑटोट्यूनवालं, म्हणजे यंत्राने आवाज सुरात बसवलेलं, नको, ते स्वरातच असतं.

क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना दुसरं त्यावर सुरू होणं, शून्यावर आणा. पार्टीत ठीक आहे, पण पाच सेकंदांचा क्रॉसफेड नाट्यपदाचा पेटीवरचा पहिला स्वर आणि भैरवीची शेवटची उतरण दोन्ही खातो. दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारं गॅपलेस मात्र चालू ठेवा, नाहीतर तुकडे केलेल्या मैफलीत आलापाच्या मधोमध खड्डा पडतो.

रॅप आणि सिनेगीत यांच्यात एक जुनी वाट आधीच पडलेली आहे, ती सॅम्पलची, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याची. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने दोन टर्नटेबलवर गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा लांबवला, रॅप ज्यातलं ते हिप-हॉप तिथून मोजतात. पुढे १९८७ मध्ये असे तुकडे साठवून वाजवणारं एसपी-१२०० नावाचं यंत्र आलं. त्यात सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून तुकडा भरायचे आणि यंत्रात पुन्हा सावकाश करायचे. जागा वाचायची, वर आवाजाला एक खरबरीतपणा यायचा. पुढे लोकांनी तोच मुद्दाम मागितला.

हिंदी सिनेमाही या चक्कीत गेला. अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्सच्या २००२ च्या ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये लता मंगेशकरांचं ‘थोडा रेशम लगता है’ वाजतं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव दिलेलं नव्हतं, प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये कोर्टाने श्रेय दिल्याशिवाय विक्री रोखली. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाच्या २००५ च्या एका गाण्यात कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी आहेत. मॅडलिब या अमेरिकन हिप-हॉप निर्मात्याने तर २००७ मध्ये आपल्या सिनेसंगीतावर अख्खा अल्बम रचला. यादीत मूळ गाणं आणि सॅम्पल लागोपाठ लावायचा मोह आवरा. आधी रॅप, मग एक-दोन वेगळी गाणी, मग मूळ. ‘अरे, हे कुठेतरी ऐकलंय’ हा झटका त्या अंतरातच असतो. गाणं ओळखणारी ॲपं मूळ शोधायला फारशी कामाची नाहीत, कारण तुकड्याचा वेग आणि पट्टी बदललेली असते.

जुन्या गाण्यांची खरी डोकेदुखी म्हणजे नेमकी कुठली प्रत घ्यायची. एकाच गाण्याचे पाच अवतार सापडतात. एक मूळ, एक झंकार बीट्सवालं (जुन्या गाण्यावर नंतर ठेका चढवलेलं), एक दुसऱ्याच गायकाने गायलेलं, एक नकली स्टिरिओ केलेलं आणि एक सिनेमातून उतरवलेलं. पहिली खूण लांबीची. ७८ च्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रिकेची लांबी तिथेच घुटमळते. सिनेमात कधी एखादं कडवं जास्त असतं, ते हवं असेल तर सिनेमाचीच प्रत शोधावी लागते. साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यात ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचा, प्रतिध्वनी ऐकू आला तर ते झंकार, तिथून निघा. वर्षावर तर विश्वासच ठेवू नका, ॲप बहुधा पुनर्प्रकाशनाचं वर्ष दाखवतं. ‘गीतरामायण’ हे ठळक उदाहरण. गदिमा-बाबूजींची ती ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर झाली तेव्हा वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. घरोघरी रुळलेली प्रत सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातली. दोन्ही हव्यात, पण एका यादीत एकच घ्या.

वेगही तपासा. ७८ लिहिलेली प्रत्येक तबकडी बरोबर ७८ वरच मुद्रित झालेली असते असं नाही, आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेली कॅसेट जुनाट प्लेअरवर उतरवली तर तीही पळते. वेग सहा टक्के वाढला की गाणं अर्धा स्वर चढतं. मुरक्या चिमट्यात धरल्यासारख्या आणि गायकाचा आवाज बारीक झालेला वाटला तर तोच दोष. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरा. ‘चेंज टेम्पो’ पट्टी तशीच ठेवतो, म्हणजे दोष निम्मा शिल्लक राहतो.

शिव्यांचं एक असतं. घरच्या सगळ्यांसोबत महाबळेश्वरला जाताना ‘ई’ (एक्स्प्लिसिट) खुणेची रॅप गाणी काढून टाका, बहुतेकांची क्लीन प्रत मिळते. पण मग लावण्याही एकदा नीट ऐकून घ्या. त्यांना ‘ई’ची खूण नसते, अर्थ मात्र मागच्या सीटवरच्या आजीला तुमच्याआधी कळतो.

गाडीच्या पेन ड्राइव्हची तयारी. फॉरमॅट एफएटी३२, कारण जुनी स्टिरिओ यंत्रं दुसरं वाचत नाहीत. ३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. आठ जीबीत साडेसहाशे गाणी आरामात बसतात. चार गायकांचा एक सिनेमा चार अल्बममध्ये फुटू नये म्हणून फाइलच्या टॅगमधल्या (आत साठवलेल्या माहितीतल्या) ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळीकडे एकच नाव लिहा. संगीतकाराचं नाव ‘कंपोजर’मध्ये टाका, आपण शोधतो ते त्याच नावाने. टॅग देवनागरीत चालतात, पण फाइलचं नाव रोमनमध्येच ठेवा. पुष्कळ गाड्यांत देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. नावाआधी ००१, ००२ असे आकडे टाका. तरीही क्रम उलटापालटा वाजला तर ते यंत्र नावावरून न लावता कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतंय. ड्राइव्ह पुसा आणि गाणी एकेक करून, हव्या त्या क्रमाने पुन्हा टाका.