छाती 38, शर्ट 43

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक दिवस, लागला की नागपुरात पारा 45 च्या पुढे जाऊ शकतो आणि जानेवारीच्या पहाटे 10 च्या खाली उतरतो. मोबाइलवर पाहिलेला लूक जसाच्या तसा उचलला तर तो बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, मेन रोडवर दुपारी दोन वाजता घामाने भिजून अंगाला चिकटलेला असतो. म्हणून स्टाइल शोधायची तर सुरुवात कपाटापासून करावी. सगळे हँगर उलटे अडकवा आणि घातलेला कपडा धुऊन परत ठेवताना तेवढा हँगर सुलटा करा. दोन महिन्यांनी सुलट्या हँगरवर जे सात-आठ कपडे असतील, तीच तुमची स्टाइल. बाकी सगळी हौस.

आता त्यातला सगळ्यात लाडका शर्ट घ्या, बटणं लावा आणि टेबलावर सपाट पसरा. काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. 21.5 इंच आले तर शर्टाची छाती 43. मग टेप स्वतःच्या छातीला लावा, समजा ती 38 भरली. मधले 5 इंच म्हणजे तुम्हाला सोसणारी ढील. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो माहीत नसल्यामुळेच दर वेळी नवा शर्ट 'कुठेतरी चुकतो'. अंगालगत शर्ट आवडणाऱ्यांना 4 इंच पुरतात, उन्हात फिरणाऱ्याने 6 पर्यंत जावं. इथल्या कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो, पण कापड आणि अंग यांच्यात वारा फिरला तरच. याच पद्धतीने खांदा, बाही, उंची आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल) मोजून वहीत लिहून ठेवा.

मुंढ्यात बहुतेकांची फसगत होते. मुंढा खोल म्हणजे शर्ट आरामदायी, असा समज आहे. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली, तितका हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जातो आणि कमरेतून बाहेर येतो. काखेच्या जरा खाली बसणारा मुंढा दिसायला लहान वाटतो, पण गाडी चालवताना तोच बरा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर हवी. ती दंडावर उतरली तर ती दुरुस्ती सोडून द्या, कारण त्यासाठी बाही, मुंढा, सगळंच उसवावं लागतं. कंबर आवळणं, बाही आखूड करणं ही मात्र छोटी कामं आहेत. बटणाभोवती फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर तिथे कापड कमी पडतंय. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी घडी पडत असेल तर खांद्याचा उतार तुमच्या अंगाशी जुळलेला नाही. मास्टरला, म्हणजे शिंप्याला, 'फिटिंग बरोबर नाही' म्हणून उपयोग नाही, घडीवर बोट ठेवून दाखवा.

कापड घ्यायला गांधीबाग, इतवारी. 58 इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) मध्यम अंगाच्या माणसाच्या फुल शर्टाला 1.6 मीटर पुरतं, 36 इंच पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. चौकडी असेल तर पाव मीटर जास्त घ्या, नाहीतर खिशाच्या आणि बटणपट्टीच्या रेघा जुळत नाहीत. रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, तागा दारापर्यंत आणायला सांगा. राखाडी रंगावर ओला घाम सर्वांत ठळक दिसतो. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तो लपतो, पण निळ्यावर घाम वाळल्यावर मिठाची पांढरी रेघ उमटते.

'प्युअर कॉटन' या शब्दावर विसंबू नका. कडेचे दोन-चार धागे काढून पेटवा. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर आहे. कागदासारखं जळून मऊ राख उरली तर सुती, किंवा रेयॉन! दोन्ही सारखेच जळतात, म्हणून एक धागा ओला करून तोडून बघा. रेयॉन ओलं झालं की दुबळं होतं आणि चटकन तुटतं, सुती धागा तग धरतो. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरडली गेली तर रेशीम किंवा कोसा, म्हणजे टसर रेशीम.

सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. 5 टक्के आटलं तरी 30 इंची शर्टाची उंची दीड इंचाने जाते. खादी याहून जास्त आटू शकते. ब्लाउजचं अस्तरही आधी भिजवायचं, हे निम्मे लोक विसरतात. वरचं कापड जागेवर राहतं, अस्तर आखडतं, आणि पहिल्या धुण्यातच शिवणी चुण्यांनी भरतात. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत एक ते दीड इंच कापड आत सोडायला सांगा.

कोसा वापरायचा असेल तर विदर्भाची करवत काटी साडी एकदा हातात धरून बघावी. तिला भौगोलिक मानांकन आहे. काठ आणि अंग (साडीचा मधला भाग) यांच्या सांध्यावर करवतीचे दात असतात, त्यावरून हे नाव. तीन धोट्यांनी विणताना अंगाचा बाणा (आडवा धागा) काठात शिरत नाही, दाताशी काठाच्या बाण्यात गुंतून परत फिरतो. त्यामुळे काठाचा रंग भरीव दिसतो. अंगाचा धागा काठातून आरपार गेला असेल तर काठ दुरंगी, मळकट भासतो. नख लावून सांधा तपासायला लाजू नका. कोसा अंगासरशी पडत नाही, जरा फुगून उभा राहतो. म्हणून निऱ्या रुंद आणि कमी घ्याव्यात.

तीन कापडं एकदम शिवायला देऊ नका. एक शिवून घ्या, दोनदा धुवा, वहीतल्या मापाशी ताडून पाहा, मगच उरलेली दोन द्या. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर तर नकोच, मास्टर घाईत असतो.

राहिला दुपट्टा. उन्हाळ्याचे चार महिने नागपूरकरांच्या अंगावर सर्वांत जास्त दिसणारा कपडा तोच, आणि निवडताना सगळ्यात दुर्लक्ष त्याच्याकडे. मलमलचा, सव्वादोन मीटरचा घ्या. त्याहून आखूड असेल तर डोकं-तोंड गुंडाळल्यावर मागे गाठीला टोक उरत नाही. घेण्याआधी ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रंग रुमालाला लागला तर घामाने तो तुमच्या नव्या शर्टाच्या कॉलरलाही लागेल.