कुसळातली सकाळ : सुप्याचे चिंकारा आणि लांडगे

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे पावणेपाचला पुण्यातून निघालो आणि सासवड, जेजुरी, मोरगाव करत सुप्याला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मयूरेश्वर अभयारण्य, मोरगावच्या गणपतीवरून पडलेलं नाव, १९९७ साली जाहीर झालेलं आणि क्षेत्रफळ फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. सोबतचा मित्र ताडोबावाला, तो इकडंतिकडं बघून म्हणाला, अरे इथे तर जंगलच नाहीये!

नाहीच आहे. हा माळ आहे, आणि माळ म्हणजे झाडं तोडून उरलेली जमीन नाही हे मला दर वेळी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम, अशा ठिकाणी गवतच राज्य करतं आणि इथला प्रत्येक प्राणी त्या गवताच्या उंचीनुसार घडलेला आहे.

दहा मिनिटांत चिंकारा दिसली. मादी, तिचं पाडस आणि जरा लांब एक नर, शेपट्या सारख्या हलतायत. आम्ही थांबलो तशी मादीने पुढचा पाय आपटला आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला, लगेच तिघंही माना वर करून आमच्याकडे. ताडोबात चितळाला झाडावरचं वानर वाघाची खबर देतं, इथे वर बसायला उंच झाडही नाही आणि वानरही नाही, त्यामुळे आपला पहारा आपणच द्यायचा. नजर आणि पाय, बास. काळवीट मोठ्या कळपात दिसतं कारण ते मुख्यतः गवत खातं आणि गवत सगळीकडे पसरलेलं असतं, चिंकाराला पाला, शेंगा, बोरं असं इथंतिथं विखुरलेलं खाणं जास्त लागतं म्हणून ती दोन-तीन-चारच्या टोळीत फिरतात. पाण्याचं पण तसंच, पाल्यातून आणि दवातून बरंचसं भागवतात. वाटेत लेंड्यांचे ढीग दिसले, नर पुन्हापुन्हा त्याच जागी येऊन टाकतो, ही माझी हद्द असं सांगायला.

बोरीखाली एक विष्ठा पडलेली, त्यात नुसत्या बोराच्या बिया. खोकडाची. खोकड म्हणजे आपला छोटा कोल्हा, उंदीर आणि नाकतोडे खाणारा, पण थंडीत बोरांवर तुटून पडतो आणि जाईल तिथे बिया टाकत जातो. म्हणजे पुढची बोर कुठे उगवणार हे थोडंफार खोकडाच्या पायांवर ठरतं, मला हे फार आवडतं. तेवढ्यात गवताच्या शेंड्याला पोट घासत एक भोवत्या गेला. हा शिकारी पक्षी पार मध्य आशियातून हिवाळ्यापुरता इथे येतो, नाकतोडे खातो आणि रात्री जमिनीवर, उंच गवतात झोपतो. आता अशा माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की फोटोत हिरवं दिसतं खरं, पण भोवत्याने झोपायचं कुठे आणि चिंकाराने लांबवर बघायचं कसं? माळावर झाडं लावणं हे माळ मोडणंच आहे, मला यात दुसरं काही दिसत नाही.

लांडगा अभयारण्यात दिसला नाही. बाहेर पडल्यावर एक मेंढपाळ मामा भेटले, मेंढपाळांचे बरेच वाडे, म्हणजे तांडे, दिवाळीनंतर कोकणात उतरतात, हे मागे राहिलेले. विचारलं, मामा लांडगा येतो का? "येतो की. एक समोर दिसतो, कुत्री त्याच्या मागं पळत्यात, तवर दुसरा मागनं कोकरू उचलतो." राग येत नाही का, तर म्हणाले, "त्यानं खायाचं काय मग? पर आता ही गावची कुत्री लई झाल्याती, ती जास्त वंगाळ."

त्या वाक्याचा अर्थ परतताना कळला. रस्त्याकडेला कुणीतरी मेलेल्या कोंबड्यांचा ढीग टाकलेला आणि त्यावर पाच-सहा कुत्री. असं आयतं मिळालं की लांडगाही तिथेच येतो, मग कुत्र्यांचे रोग त्याला लागतात आणि कुत्र्यांशी संकरही होतो, पुण्याजवळच्या माळावर असा संकर डीएनए तपासून सिद्ध झालेला आहे. दुर्बीण लावली. त्यातलं एक जरा वेगळं, लांब पाय, अरुंद छाती, पण अंगाचा रंग पिवळट, लांडग्याला न शोभणारा. मित्र म्हणाला कुत्रंच, मी म्हटलं थांब. मान खाली ठेवून ते ढिगापासून निघालं, एका सरळ रेषेत, न थांबता, मागे न बघता चढ चढून पलीकडे गेलं. कुत्री खातच राहिली. आम्ही अजून अर्धा तास तिथे उभे होतो, ते परत आलं नाही.