ऑफिस टाइम, गुलबक्षी आणि माझा बारा फुटी वाफा

साताऱ्यात घर बांधून झालं तेव्हा कंपाउंडच्या भिंतीला लागून बारा फूट लांब, चार फूट रुंद अशी एक पट्टी उरली. बांधकामाचा सगळा राडारोडा मिस्त्रीने तिथेच गाडून वर मुरूम पसरला होता. मी म्हटलं, इथे फुलं लावायची. जास्वंद लावा, अनंत लावा, असं येईल तो सांगत होता, पण त्या पट्टीखालूनच पाण्याची पाइपलाइन गेलीय. मोठ्या मुळांचं काही नको होतं. म्हणजे उरली हंगामी फुलझाडं. लावायची, फुलली की बघायची, वाळली की उपटायची.

घरात माणसं तीन. नवरा फिरतीवर. मी सकाळी आठच्या एसटीने कराडला जाते ती संध्याकाळी साडेसहा-सातला परत. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही. त्यांचं मागणं एकच होतं, "देवाला रोज ओंजळभर घरची फुलं मिळू देत. बाकी तुझं तू बघ."

पहिल्या वर्षी मी जे केलं ते सगळेच करतात. नोव्हेंबरात एका रविवारी नर्सरीत गेले आणि पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस अशी फुलांनी गच्च भरलेली वीस-बावीस रोपं डिकी भरून आणली. नर्सरीवाल्याने सांगितलं, "मॅडम, हिवाळी सिझनल आहे, काही बघावं लागत नाही." पंधरा दिवस वाफा असा दिसत होता की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. मग पिटुनिया लांबट व्हायला लागली, पॅन्सीची पानं पिवळी पडली. पिटुनियाची सुकलेली फुलं खुडायची म्हणजे बोटं चिकट. ते काम रात्री जेवणानंतर मोबाईलच्या उजेडात चाले. जानेवारी संपेपर्यंत निम्म्याहून जास्त रोपं गेली. एक रोप उपटून पाहिलं तर मुळं अजून पिशवीच्याच आकारात, गुंडाळी करून बसलेली. जमिनीत ती उतरलीच नव्हती. फुलावर आलेलं रोप म्हणजे लग्नाच्या मांडवातून थेट उचलून आणलेलं माणूस, त्याला नव्या घरी रुळायला वेळच मिळालेला नसतो. तेव्हापासून मी कळ्या न आलेली, बुटकी रोपं मागते. नर्सरीवाले चमकून बघतात.

पण खरा घोळ वेगळाच होता, आणि तो मे महिन्यात कळला. रजेवर होते, तेव्हा एक दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला खडूने भिंतीवर आणि फरशीवर सावलीच्या रेघा ओढल्या. सासूबाई पायरीवरून बघत होत्या. "शाळा काढलीस का?" वाफ्याला सात तास कडक ऊन मिळत होतं. मग हिवाळ्यात झाडं उन्हासाठी लांबट का झाली? उत्तर समोर उभं होतं. दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर. मे-जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्या घराची सावली त्याच्याच पायाशी पडते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि तेच घर माझ्या वाफ्यावर दिवसभर सावली धरतं. मी उन्हातली फुलं नेमकी सावलीच्या महिन्यांत लावली होती.

त्या दिवशी एक निर्णय झाला, तो अजून पाळते. दिवाळीनंतर वाफा मोकळा ठेवायचा. शेणखत पसरून, वर पालापाचोळा टाकून झोपू द्यायचा. हिवाळ्यात फुलबाग नसली तर काही बिघडत नाही. चार कुंड्या गच्चीवर उन्हात ठेवल्या की देवापुरता झेंडू होतो.

आता काय लावायचं? कागदावर यादी काढली आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला: आपण आठ दिवस घर बंद ठेवून गावाला गेलो तर हे जगेल का? मे महिन्यात आणि दिवाळीत आम्ही जातोच. शेजाऱ्यांना एकदा पाणी घालायला सांगता येतं, दर वेळी नाही. या प्रश्नावर डेलिया गेला, पिटुनिया तर आधीच गेली होती. अ‍ॅस्टर मला फार आवडतो, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश जातींतला जांभळा विशेष, पण तो पाण्याला चुकलेलं सहन करत नाही. मन घट्ट करून त्याच्यावर रेघ मारली.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर दोन घमेली शेणखत मिसळून वाफा भुसभुशीत केला. जास्त खत घालावं असं वाटत होतं, पण कॉसमॉससारखी झाडं जमीन फार सकस असली की नुसता पाला वाढवतात आणि फुलायला कुरकुरतात. माझ्या मुरमाड जमिनीचा प्रथमच फायदा दिसला. मग बी टाकलं. माहेरून वर्तमानपत्राच्या पुडीत आणलेला तेरडा, बाजारातून झेंडू, झिनिया, पिवळा कॉसमॉस, कोंबडा आणि ज्याला आमचा नर्सरीवाला बटन फूल म्हणतो ते गॉम्फ्रीना.

चौथ्या-पाचव्या दिवशी झेंडू उगवला. सहाव्या दिवशी सकाळी बघते तर निम्म्या रोपांची पानं गायब, नुसत्या हिरव्या काड्या उभ्या. आधी वाटलं पक्षी. सासूबाई म्हणाल्या, "पक्षी चिकट रेघ ओढून जात नाही." फरशीवर चंदेरी रेघ चमकत होती. रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गेले. गोगलगायी! बोटाच्या पेरापासून ते लिंबाएवढ्यापर्यंत, भिंतीवरून सावकाश उतरत होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून वेचल्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या. पहिल्या रात्री एकेचाळीस. दुसऱ्या रात्री सव्वीस. आठवडाभर हा रात्रपाळीचा कार्यक्रम चालला. एक ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकून ठेवलं की सकाळी बऱ्याचशा त्याच्याखालीच सापडतात, ही युक्ती पाचव्या दिवशी सुचली. आधी सुचती तर पाठ वाचली असती. कमी कष्टाची बाग म्हणणाऱ्यांनी पहिल्या महिन्याचे कष्ट त्यात धरलेले नसतात, एवढं नक्की.

पावसाने बाकीची निवड माझ्यासाठी केली. झिनियाचं बी एका जोरदार सरीत वाहून खालच्या कोपऱ्यात गोळा झालं आणि तिथेच दाटीने उगवलं. तिथून उचलून लावावं लागलं. झेंडू पाणी साचलेल्या जागी कुजला, उंचवट्यावर टिकला. पण तेरडा? त्याला जणू हेच हवं होतं. जुलैअखेर कमरेला येईल इतका वाढला आणि ऑगस्टमध्ये पानांच्या बगलांतून गुलाबी, पांढरा, जांभळा असा खालपासून वरपर्यंत फुलला. सासूबाई सुरुवातीला नाक मुरडत होत्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस." एकेक फूल खरंच दोन-तीन दिवसांचंच असतं, पण झाड रोज नवी फुलं काढत राहतं. मी तारखा लिहिल्या होत्या, माझा तेरडा सात आठवडे फुलत होता. शिवाय त्यांचं माहेर चिपळूणकडचं. तिथे गौर तेरड्याचीच. त्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी आमच्याच वाफ्यातले पाच तेरडे मुळासकट उपटून मी त्यांच्या हातात दिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून तेरड्याबद्दल वाकडा शब्द नाही. बी धरायचीही गरज नाही. शेंग पिकली की बोट लावताच फटकन फुटते आणि बी चारी दिशांना उडतं. पुढच्या जूनला तो आपला आपण उगवला, नको तिथेसुद्धा.

त्याच सप्टेंबरात पाहुण्यांना घेऊन कासला गेलो. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटर. पाहुणी म्हणाली, "इथे बघा, कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. इथलंच थोडं बी न्यावं." ते राखीव वन आहे, काडीही उचलायची नाही, आणि उचलली तरी उपयोग नाही. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत, धुक्यात आणि पावसात वाढणारी ती फुलं माझ्या राडारोड्यात कशाला येतील? पण तिथली सोनकी, तेरडा, कवला ही बरीचशी मंडळी हंगामीच. पावसाला उगवायचं, पाऊस सरता फुलायचं, बी टाकून मरायचं. परत येताना गाडीत मी मनातल्या मनात माझ्या यादीतून पावसाशी भांडणारी नावं काढत होते.

कॉसमॉसबद्दल माझं मत बदललं. कमी कष्टात त्याच्याइतकं कोणी फुलत नाही. पाच फूट वाढतो, वाऱ्याने आडवा पडतो, आडवा पडूनही फुलतो. पण दुसऱ्या वर्षी तो माझ्या वाफ्यातून शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गेला आणि तिथे गवताचं नाव उरलं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर तो असाच पसरलाय, पावसाळ्याअखेर सगळा उतार नारिंगी दिसतो आणि लोक फोटो काढतात. झाड मूळचं मेक्सिकोचं, आपल्याकडच्या रानफुलांच्या जागा बळकावतं. मी आता तो लावत नाही. प्लॉटवरचा जमेल तेवढा सुईसारखं बी धरायच्या आत उपटते. झेंडू आणि झिनियाही मेक्सिकोचेच, पण ते पायरी सोडून जात नाहीत.

दिवाळीत आठ दिवस कोल्हापूरला गेलो. मुद्दामच कोणाला सांगितलं नाही. परत आल्यावर गाडीतून सामान उतरवायच्या आधी वाफा बघितला. गॉम्फ्रीनाला आम्ही गेलो होतो हे माहीतच नसावं, तशीच ती जांभळी बटनं. कोंबडा ताठ. झेंडूने माना टाकल्या होत्या, झारीभर पाणी दिल्यावर सकाळपर्यंत उभा राहिला. झिनिया जगला, पण खालच्या पानांवर पांढरी भुरी आली होती. ती पानं काढून टाकली. पुढच्या वर्षी झिनिया हातभर अंतर सोडून लावला तेव्हा भुरी उशिरा आणि कमी आली. गॉम्फ्रीनाचं आणखी एक सुख म्हणजे फूल वाळलं तरी रंग जात नाही, त्यामुळे सुकलेलं खुडायचं कामच नाही. देव्हाऱ्यात ठेवलं तर आठवडाभर तसंच. "याला वास नाही," ही सासूबाईंची तक्रार आहेच. पण आठव्या दिवशीही फूल ताजं दिसतं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच एक ओळ जास्त लावायला सांगितली.

झेंडू मात्र मी कितीही कटकटीचा असला तरी सोडणार नाही. दसऱ्याला विकतचं तोरण आमच्या दाराला लागत नाही, हा आता घराचा मान झालाय. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बी, रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात. एका वर्षी तोरणातलीच वाळलेली फुलं कुस्करून पेरली. उगवली भरपूर, पण निम्म्यांना एकेरी पाकळ्या, काही गुडघ्याएवढी, काही छातीएवढी. संकरित बियाणाची पुढची पिढी अशीच भिन्न निघते. मला ती गर्दी आवडली. सासूबाईंना नाही, कारण एकेरी फुलाचं तोरण भरत नाही.

राहिला उन्हाळा. शेजारच्या वहिनींनी फेब्रुवारीत ऑफिस टाइमच्या, म्हणजे पोर्तुलाकाच्या, मूठभर काड्या दिल्या. नुसत्या खोचल्या, आठ दिवसांत धरल्या. पाणी तीन दिवसांतून एकदा. पानं मांसल, त्यामुळे आपलं पाणी आपल्याकडेच. एप्रिलच्या उन्हात बाकी बाग मरगळलेली असताना हा गालिचा. पावसाळ्यात कुजतो, पण तेव्हा त्याच्या जागी तेरडा उगवतोच. यादीच्या प्रश्नाला सगळ्यात खणखणीत उत्तर देणारं हे फूल, आणि मी ते फुललेलं बघितलंच नव्हतं! ते उघडतं ऊन चढल्यावर, साडेनऊ-दहाला, आणि तीनच्या सुमारास मिटतं. मी आठला जाते, सातला येते. नाव ऑफिस टाइम, आणि ऑफिसला जाणारीला फक्त मिटलेल्या वाती दिसतात.

म्हणून भिंतीच्या टोकाला गुलबक्षी लावली. ती खरं तर हंगामी नाही, जमिनीत गड्डा राहतो आणि पावसाला पुन्हा फुटते, पण मी नियम मोडला. ती संध्याकाळी उमलते. फाटक उघडलं की पहिला वास तिचा येतो. माझ्या वेळेचं एक तरी फूल असावं की नाही?

ऑफिस टाइमची सोय सासूबाईंनी केली. रोज अकराच्या सुमारास कराडला माझ्या फोनवर फोटो येतो. अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा असतो, बाकी अर्ध्यात फुलं, आणि खाली फक्त आकडा. काल चौतीस होती. आज एकोणतीस, खाली एक ओळ जास्त: "दोन मांजराने तुडवली."